रिकाम्या चौकटीचा प्रश्न : एस्क्यूएलमधील ‘नल’ची पूर्वपीठिका

डेटाबेसला विचारावयाची पृच्छा चुकली तर यंत्राने तसे सांगावे, अशी सामान्यतः अपेक्षा असते. शब्दरचनेत दोष असेल तर यंत्र तसे सांगतेही. परंतु एका जातीच्या चुकीत रचना निर्दोष असते, यंत्राची काही तक्रार नसते, आणि उत्तर मात्र दिशाभूल करणारे मिळते. अशा पुष्कळ चुकांचे मूळ ‘नल’ ह्या खुणेत आहे. ह्या खुणेचा उगम व तिच्याविषयीचा वाद ह्यांचा थोडक्यात परामर्श घेणे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

एडगर कॉड (१९२३–२००३) हे इंग्लंडमध्ये जन्मलेले गणिती. आय.बी.एम. कंपनीच्या सॅन होजे येथील संशोधनशाळेत असताना जून १९७० मध्ये त्यांनी आपला सुप्रसिद्ध निबंध प्रकाशित केला. माहिती कोष्टकरूप संबंधांत मांडावी आणि ती शोधण्याचा मार्ग सांगण्याचा भार विचारणाऱ्यावर नसावा, असे त्याचे सार सांगता येईल. १९७४ मध्ये त्याच संस्थेतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस ह्यांनी ‘सीक्वेल’ ही पृच्छाभाषा मांडली. तीच पुढे एस्क्यूएल ह्या नावाने रूढ झाली. १९८६ मध्ये अमेरिकेत व १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर तिला प्रमाणभाषेचा दर्जा मिळाला.

गणितातील संबंध पूर्ण असतो. व्यवहारातील नोंदवही तशी नसते. कोणाची जन्मतारीख ठाऊक नसते, कोणाचा पत्ता लिहावयाचा राहून गेलेला असतो. ह्या उणिवेचा विचार कॉड ह्यांनी १९७९ च्या निबंधात विस्ताराने केला. अज्ञात मूल्याशी केलेली तुलना खरीही नव्हे, खोटीही नव्हे, तर ‘अज्ञात’ मानावी, ही त्यांची भूमिका. त्रिमूल्य तर्कशास्त्र तेव्हा नवे नव्हते : लुकासिएविच ह्यांनी १९२० मध्ये आणि क्लीनी ह्यांनी १९३८ मध्ये त्याची मांडणी केलेली होती. नवी होती ती त्याची कचेरीच्या दप्तराशी घातलेली सांगड.

ह्या सांगडीचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एका ग्रंथालयात ग्रंथांचे एक कोष्टक व देवघेवीचे दुसरे कोष्टक आहे. एकदाही बाहेर न गेलेले ग्रंथ कोणते, असे ‘नॉट इन’ ह्या शब्दांनी विचारले. देवघेवीच्या कोष्टकात ३ व ५ हे क्रमांक आहेत आणि एका नोंदीत क्रमांक लिहावयाचा राहिला आहे. आता ग्रंथ ७ पाहू. ७ हा ३ नव्हे, हे खरे. ७ हा ५ नव्हे, हेही खरे. परंतु ७ हा त्या न लिहिलेल्या क्रमांकाहून भिन्न आहे, हे विधान अज्ञात. तिन्ही विधाने जोडली असता निष्कर्षही अज्ञातच राहतो. पृच्छेची अट तर ‘खरे’ ठरलेल्या ओळीच स्वीकारते. म्हणून ७ गळतो, आणि त्याच न्यायाने सर्वच ग्रंथ गळतात. उत्तरादाखल रिकामे कोष्टक येते, आणि सर्व ग्रंथ वाचकांच्या हाती जाऊन आले आहेत, असा चुकीचा समज होतो.

‘नॉट एक्झिस्ट्स’ची रचना योजल्यास ७ हा क्रमांक मिळतो, कारण तेथे जुळणारी ओळ आहे की नाही, एवढेच पाहिले जाते. तथापि हे दोन प्रश्न एक नव्हेत, हे ध्यानात ठेवावयास हवे. दुसरी रचना ‘ज्याच्या देण्याची नोंद नाही’ असा ग्रंथ दाखविते. तो खरोखर बाहेर गेलाच नाही, अशी ग्वाही देत नाही. ती राहिलेली नोंद ७ चीच असू शकेल.

भाषेतील विसंगतीही लक्षणीय आहे. नलची नलशी तुलना अज्ञात ठरते. परंतु गट पाडताना सर्व नल एकाच गटात जातात. पृच्छेच्या अटीत अज्ञात त्याज्य, तर कोष्टकावरील ‘चेक’ निर्बंधात तेच ग्राह्य. ४०, ६० व एक रिकामी चौकट ह्यांची सरासरी ५० येते. ओळी मोजल्या तर ३, त्या स्तंभातील मूल्ये मोजली तर २.

ह्यावरून मोठा वाद झाला. अज्ञात मूल्य व मुळात लागूच नसलेले मूल्य ह्यांना एकच खूण पुरेशी नाही, हे ओळखून कॉड ह्यांनी १९९० च्या ग्रंथात दोन खुणा व चतुर्मूल्य तर्क सुचविला. ख्रिस डेट ह्यांचे मत ह्याच्या नेमके उलट. डेट व ह्यू डार्वेन ह्यांनी १९९५ च्या आपल्या जाहीरनाम्यात नल सर्वस्वी वर्ज्य मानला. प्रमाणभाषेने ह्यांपैकी कोणाचेच पूर्णतः ऐकले नाही. एकमेवत्वाच्या निर्बंधात दोन नल भिन्न मानावेत की अभिन्न, हे स्पष्टपणे लिहिण्याची सोय प्रमाणात २०२३ मध्ये आली.

तेव्हा पृच्छा लिहिणाऱ्याने दोष केवळ स्वतःच्या अनवधानाला देण्याचे कारण नाही. त्याचा काही भाग भाषेच्या घडणीतच आहे. जेथे मूल्य असलेच पाहिजे तेथे रिकामी चौकट कोष्टक रचतानाच निषिद्ध करावी. जेथे ती अपरिहार्य आहे तेथे तिचा अर्थ आधी ठरवावा आणि मग पृच्छा लिहावी. रिकामी चौकट म्हणजे ‘नाही’ असे उत्तर नव्हे, एवढे भान राहिले तर ह्यांतील बहुतेक चुका टळतील.