पोटखराब जागेला किती तारे?

फोनवर नकाशा उघडा आणि आमच्या भागातली कुठलीही 'बघण्यासारखी' जागा शोधा. पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा घ्या, टिपेश्वरचं अभयारण्य घ्या. फोटोंच्या खाली तारे असतात आणि ताऱ्यांच्या खाली तक्रारी. धबधब्याला पाणी नाही. जंगलात वाघ नाही. नेटवर्क नाही, नाश्त्याची सोय नाही, रस्ता खराब. हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अँबर शेअर नावाच्या अमेरिकन डिझायनरनं तिकडच्या राष्ट्रीय उद्यानांना मिळालेल्या एक-तारा तक्रारी वेचून त्यांची सुंदर पोस्टर्स केली. २०२१ मध्ये त्यांचं पुस्तकही आलं. ग्रँड कॅन्यनसारख्या दरीलाही नाकं मुरडणारे लोक आहेत, हे वाचून जगभर लोक हसले. मीही हसलो.

पण मी सॉफ्टवेअरवाला माणूस. रेटिंग म्हटलं की पुढचा प्रश्न डोक्यात येतोच: या आकड्याचं पुढे काय होतं? कोण तो वाचतं आणि वाचून काय करतं? यवतमाळ जिल्ह्यापुरतं याचं उत्तर शोधायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की आमच्या जमिनीला रेटिंग द्यायला सुरुवात फोननं केलेलीच नाही. ती इंग्रजांच्या मोजणीदारांनी केली. आणि तेव्हाचे तारे आण्यांत होते.

गोष्ट इंदापूर तालुक्यातून सुरू होते. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी तिथे शेतजमिनीची मोजणी आणि प्रतवारी हाती घेतली. १८४७ मध्ये त्यांनी डेव्हिडसन या तिसऱ्या अधिकाऱ्याबरोबर जो संयुक्त अहवाल दिला, त्यात ही पद्धत नीट बांधलेली आहे. कोड लिहिणाऱ्या कुणालाही ती वाचताना घरी आल्यासारखं वाटेल. आधी मातीचा रंग आणि पोत पाहायचा, मग खोली मोजायची. त्यावरून नऊ प्रती. सगळ्यात वरची सोळा आण्यांची, तिथून खाली उतरत जायचं. मग दोष मोजायचे: चुनखडीचे खडे आहेत का, वाळू आहे का, जमीन उताराची आहे का, पाणी साचतं का, पुराचं पाणी माती वाहून नेतं का. एक दोष सापडला की एक प्रत खाली. शेवटी जो आकडा निघेल त्यावर सारा. वाद नको, मर्जी नको, सगळ्यांना एकच नियम. खरं सांगायचं तर आधीच्या अंदाजपंचे वसुलीपेक्षा ही पद्धत कितीतरी बरी होती.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात आलं आणि १८६० च्या दशकात ही मुंबईची पद्धत इकडे लागू झाली. तेव्हा आमचा जिल्हा वणीच्या नावानं ओळखला जायचा. यवतमाळ हे नाव १९०५ चं. मोजणीदार साखळी घेऊन बांधाबांधानं फिरले आणि ज्या तुकड्यात नांगर चालत नव्हता, त्याला एक शब्द चिकटला तो आजही सात-बाऱ्यावर आहे: पोटखराब. म्हणजे सर्व्हे नंबरच्या पोटातली खराब जागा. नाला, खडक, टेकाड, जे काही पीक देत नाही ते. गावाच्या मोकळ्या चराईच्या सरकारी जमिनीला आमच्याकडे अजून 'ई-क्लास' म्हणतात. शाळेत असताना मला तो शब्द रेल्वेच्या डब्याचा वाटायचा.

ही सवय किती मुरली आहे ते पाहायचं असेल तर पैसेवारी पाहा. आण्यांचे पैसे झाले, पण वर्षानुवर्षं प्रश्न तोच: गावाची पैसेवारी ५० च्या आत की वर? आत आली तर दुष्काळ, सवलती. वर गेली तर काही नाही. यवतमाळसारख्या जिल्ह्यात, जिथे कापूस बुडाला की घर बुडतं, तिथे या आकड्याकडे लोक कसे डोळे लावून बसतात हे मी लहानपणापासून पाहिलंय. तेव्हा 'रेटिंग काय, नुसतं मत असतं' असं कुणी म्हटलं की मला पटत नाही.

आता पोटखराबातल्या एका दगडाकडे येतो.

जून २०२१ मध्ये झरी-जामणी तालुक्यात शिबला-पार्डीजवळ रस्त्याचं काम चालू असताना जमिनीतून दगडी खांब निघाले. कोपरे असलेले, एकाला एक लागून, कुणीतरी घडवून रचून ठेवल्यासारखे. जुन्या देवळाचे किंवा वाड्याचे असतील अशी चर्चा झाली. चंद्रपूरचे भूशास्त्र अभ्यासक सुरेश चोपणे यांनी सांगितलं की हे माणसाचं काम नाही, हा स्तंभाकार बेसॉल्ट आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. जाड थर हळूहळू निवत जातो तसा आकसतो, आकसताना तडकतो. उन्हाळ्यात तळ्याचा गाळ तडकलेला पाहिलाय ना? तसाच. फरक एवढाच की इथे भेगा वरून आत, आत, खोलवर उतरत जातात आणि मधे उभे खांब उरतात, बरेचसे षटकोनी. मुंबईत अंधेरीचा गिल्बर्ट हिल हा याच जातीचा, सुमारे ६० मीटर उंच. आजूबाजूचा दगड खाणींनी खाल्ला, तेवढा उरला.

मी घरी फोन करून आबांना ही बातमी सांगितली. आबा म्हणाले, "मंग? दगडंच त हायेत. आपल्या वावरात का कमी हायेत का?" रिव्ह्यू म्हणून हा वाईट नाही. ज्यानं आयुष्यभर वावरातले दगड वेचून बांधावर टाकलेत, त्याला दगडाचं कौतुक कशासाठी असावं? आमच्याकडे काळ्या दगडाची किंमत ठरलेली आहे. तो फुटला की गिट्टी होते, गिट्टीचा रस्ता होतो.

नेमक्या याच दगडाला जगातला एक अतिशय गाजलेला वाईट शेरा मिळालेला आहे. उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावर जायंट्स कॉजवे नावाची जागा आहे. तिथे असे सुमारे चाळीस हजार खांब समुद्रात उतरत गेले आहेत, वय सहा कोटींच्या आसपास. म्हणजे शिबल्याच्या खांबांचे लांबचे धाकटे भाऊ. १७७९ मध्ये बॉसवेलनं डॉ. सॅम्युअल जॉन्सनला विचारलं, ही जागा पाहण्यासारखी नाही का? जॉन्सनचं उत्तर अशा अर्थाचं होतं की पाहण्यासारखी आहे, पण पाहायला म्हणून जाण्यासारखी नाही. गंमत अशी की जॉन्सन आयर्लंडला कधी गेलाच नाही. जागा न पाहता दिलेला शेरा अडीचशे वर्षं टिकला. आजचे लोक निदान तिकीट तरी काढतात.

विल्यम थॅकरे मात्र खरोखर गेला. १८४३ च्या आपल्या आयर्लंडच्या पुस्तकात त्यानं आधी भरपूर तक्रार केली आहे: नावाडी आणि वाटाडे अंगावर आले, खवळलेल्या समुद्रात होडीत बसवलं, आणि एवढ्या लांबून आलो ते हे बघायला? पण त्याच वर्णनात पुढे, गलका मागे पडल्यावर, त्याला ती जागा सृष्टी घडण्याआधीचं काहीतरी उरून राहिल्यासारखी वाटते. मला हे फार प्रामाणिक वाटतं. त्याचा राग दगडांवर नव्हता, सोयीवर होता. आजच्या एक-तारा तक्रारींतही निम्म्या अशाच असतात. संडास नाही, पार्किंगला जास्त पैसे घेतले, कचरा आहे. या तक्रारी योग्यच आहेत आणि त्या जोरात करायला हव्यात. पण पाचांपैकी एकच आकडा द्यायचा असल्यामुळे संडासाचे तारे धबधब्याच्या खात्यातून कापले जातात. अशी रचना माझ्या टीममधल्या कुणी आणली तर मी परत पाठवीन.

जॉन्सनच्या शेऱ्याचं पुढे काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. अडचण जाण्याची होती, म्हणून जाणं सोपं केलं गेलं. १८८३ मध्ये तिथे ट्राम सुरू झाली, तीही पाण्यापासून केलेल्या विजेवर चालणारी. १९८६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत नाव गेलं. आमचे खांब दिसले तेच मुळी रस्ता खोदताना.

आता पाण्याची तक्रार. सहस्रकुंडला पैनगंगा काळ्या खडकावरून अनेक धारांनी कोसळते. अलीकडे यवतमाळ, पलीकडे नांदेड. पावसाळ्यात पाहिलंत तर आवाज पोटात जाणवतो. एप्रिलमध्ये गेलात तर खडक. यात ऋतूचा वाटा आहेच, पण वरच्या अंगाला याच नदीवर इसापूरचं धरण आहे, ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचं. तिथून पाणी कालव्यांनी शेतात जातं. म्हणजे एप्रिलमध्ये 'पाणीच नव्हतं' असं लिहिणाऱ्याचा धबधबा त्या वेळी कुणाच्या तरी वावरात असू शकतो.

नायगाऱ्याला ही भानगड करारानं सोडवली आहे. तिथलंही पाणी वीजकेंद्रांकडे वळवलं जातं, पण १९५० च्या अमेरिका-कॅनडा करारानुसार पर्यटनाच्या हंगामात दिवसा धबधब्यावरून सेकंदाला किमान १ लाख घनफूट पाणी सोडावं लागतं, रात्री आणि हिवाळ्यात ५० हजार चालतं. थोडक्यात, पाहुणे झोपले की धबधबा अर्धा करतात. एवढंच नाही. अमेरिकेच्या बाजूच्या धबधब्याखाली पडलेल्या खडकांच्या ढिगामुळे तो चांगला दिसत नाही, अशी तक्रार होती. म्हणून १९६९ च्या जून ते नोव्हेंबरमध्ये बांध घालून तो अख्खा धबधबा कोरडा केला, ढिगाची तपासणी केली. शेवटी खडक आहेत तिथेच ठेवायचं ठरलं. पाहणाऱ्याच्या नाराजीसाठी नदी थांबवण्याइतकी ताकद जगात काही ठिकाणी आहे. पैनगंगेवर ती नाही, आणि उमरखेडच्या शेतकऱ्यासमोर मी तशी मागणीही करणार नाही.

वाघाचं प्रकरण मात्र इतकं सोपं नाही.

टिपेश्वर लहान आहे, जेमतेम १४८ चौरस किलोमीटर. पुण्या-नागपूरहून माणूस गाडी करून येतो, जिप्सी, गाइड, प्रवेशाचे पैसे भरतो, पहाटे थंडीत तीन-चार तास हिंडतो, आणि त्याला नीलगाय दिसते. त्याची निराशा मी समजू शकतो. पण ती निराशा संध्याकाळी फोनवर उतरते आणि तिचा भार येऊन पडतो गाइडवर आणि जिप्सीवाल्यावर. त्यांचं पोट, बक्षिशी, पुढचं बुकिंग, सगळं 'वाघ दाखवला का' यावर टांगलेलं. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात गोठणगावच्या बाजूला एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे दोन्हीकडून जिप्सींनी अडवले गेले. व्हिडिओ सगळीकडे फिरला, गाइड आणि चालकांवर कारवाई झाली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. कारवाई बरोबरच होती. पण ज्यांच्यासाठी ती वाघीण अडवली गेली, ते कॅमेरे घेऊन आपापल्या घरी गेले. आणि त्यांना वाघ दिसला होता, तेव्हा त्यांचा अनुभव पाच ताऱ्यांचाच म्हणायचा.

याच टिपेश्वरच्या शेजारी, राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात, २०१६ ते २०१८ या काळातले तेरा मृत्यू अवनी वाघिणीच्या नावावर मांडले गेले. २ नोव्हेंबर २०१८ ला ती मारली गेली. त्या दिवसांत तिथल्या गावांत वाघ 'दिसणं' म्हणजे काय होतं, हे जिप्सीतल्या माणसाला सांगून कळणार नाही. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया दहा-दहाच्या गटानं जायच्या. एकाच जनावराचं रेटिंग कुंपणाच्या आत 'दिसला नाही' म्हणून पडतं, आणि कुंपणाबाहेर 'दिसला' म्हणून.

अवनी गेली त्यानंतर तीन-चार महिन्यांत, फेब्रुवारी २०१९ मध्ये, टिपेश्वरच्याच एका तरुण नराला रेडिओ कॉलर लावली गेली. टी-१ सी-१ हे त्याचं कागदावरचं नाव, पुढे लोक त्याला वॉकर म्हणू लागले. जूनमध्ये तो स्वतःची जागा शोधायला निघाला. तेलंगणाच्या आदिलाबादेत शिरला, परत आला, नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला करत वर्षअखेर बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. कॉलर होती तोवर त्याची चाल तीन हजार किलोमीटरच्या वर भरली. या वाटेवर शेकडो गावं होती आणि बहुतेकांना तो दिसलाही नाही, कारण तो जास्त करून रात्री चालायचा. कॉलरमधून येणारे जीपीएसचे ठिपके मी वर्तमानपत्रातल्या नकाशावर पाहिले, तेव्हा मोठं करून करून पाहत होतो की हा नेमका कुठून गेला. संरक्षित जंगलं त्यात तुरळक होती. बाकी वाट उभ्या पिकांची, नाल्यांच्या कडांची, झुडपांनी भरलेल्या टेकाडांची, महामार्ग ओलांडून पुन्हा नाल्यात उतरणारी. म्हणजे बऱ्याच ठिकाणी तीच जागा, जिच्यासमोर सात-बाऱ्यावर पोटखराब लिहिलेलं असतं.