वाडा, वारस आणि लिलाव : नागपूरच्या भोसले राजवाड्याचे एक वाचन

महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’मुळे (१९८५) वाडा ही वस्तू मराठी समीक्षेत ऱ्हासाचे जवळजवळ स्वयंसिद्ध प्रतीक बनली. भिंती खचतात, सोने संपते, वारस पांगतात. एका ग्रामीण जमीनदार कुटुंबाची ही प्रतिमा पुढे सरसकट प्रत्येक वाड्याला लावली जाऊ लागली, की ऱ्हास हा कुळाच्या आतूनच उद्भवणारा निसर्गक्रम भासू लागतो. नागपूरच्या महाल भागातील भोसले राजवाड्याचा इतिहास या गृहीताला छेद देणारा आहे.

काळ्या बेसाल्ट दगडाचा आणि विपुल लाकडी कोरीवकामाचा हा वाडा अठराव्या शतकात रघूजी भोसले (पहिले) यांनी स्थापलेल्या सत्तेचे केंद्र होता. नोव्हेंबर १८१७ मधील सीताबर्डीच्या लढाईने ती सत्ता मोडली. टेकडीवर इंग्रजी निशाण, महालात राजाची गादी, असे शहराचे दुभंगलेपण त्यानंतर कायमचे झाले. तरीही घर आणि घराचा धनी हा संबंध अद्याप अबाधित होता.

तो तुटला ११ डिसेंबर १८५३ नंतर. तिसरे रघूजी औरस पुत्र नसताना निवर्तले. राजस्त्रियांना यशवंतराव अहेरराव यांना दत्तक घ्यावयाचे होते, ते पुढे जानोजी म्हणून ओळखले गेले. धर्मशास्त्राच्या दृष्टीने दत्तकविधान हे वंशसातत्याचे पूर्णतः वैध साधन होते. डलहौसीने मात्र राजकीय वारसा मानण्यास नकार दिला आणि १८५४ मध्ये राज्य खालसा केले. त्याच्या कौन्सिलमधील कर्नल लो यांनी या निर्णयाला विरोध नोंदवला होता. डलहौसीच्या युक्तिवादात इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा उल्लेख येतो, ही बाब विशेष सूचक आहे. वारस कोण, या प्रश्नाचे उत्तर मँचेस्टरच्या गरजेतूनही घडत होते.

येथे इंग्लंडमधील मॅनॉर हाउसची आठवण अपरिहार्य ठरते. बेन जॉन्सनच्या ‘टू पेन्सहर्स्ट’ (१६१६) पासून फॉर्स्टरच्या ‘हॉवर्ड्स एंड’ (१९१०) पर्यंत इंग्रजी साहित्याने घराकडे वारशाच्या प्रश्नातून पाहिले. तेथे वारसा हा कुटुंबाच्या अंतर्गत नैतिकतेचा प्रश्न राहतो. नागपुरात तोच प्रश्न कुटुंबाच्या हातून काढून घेऊन सरकारी टिपणाचा विषय करण्यात आला. स्वतःच्या देशात वारशाला पावित्र्य देणारी व्यवस्था वसाहतीत वारसच अमान्य करते, हा विरोध केवळ दांभिकतेचा नव्हे. तो वसाहतवादी कायद्याच्या रचनेतच आहे.

यानंतर हत्ती, घोडे व बैल विक्रीस काढले गेले आणि जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेले. सामान हलवू लागताच वयोवृद्ध बांकाबाईंनी वाड्यालाच आग लावण्याची धमकी दिल्याची नोंद केय यांच्या इतिहासात आहे. ती नोंद इंग्रज इतिहासकाराच्या लेखणीतून उतरली असल्याने तिला राणीचा आवाज मानता येत नाही. परंतु घर रिकामे होण्यापेक्षा ते जळालेले बरे, ही मालकीची अखेरची परिभाषा तीत स्पष्टपणे उमटते. बांकाबाईंचे निधन १८५८ मध्ये झाले. १८६४ मध्ये वाडा खरोखरच आगीत भस्मसात झाला. या दोन घटनांत कार्यकारणभाव जोडण्यास आधार नाही, आणि तो जोडण्याचा मोह हाच कथात्म वाचनाचा दोष आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या गॅझेटिअरला त्या वास्तूतून केवळ भव्य प्रवेशद्वार उरलेले दिसले.

आगीपूर्वी दहा वर्षे हा वाडा कागदावर संपलेला होता. त्याला ‘ढासळलेला’ म्हणणे म्हणजे खालसा करणाऱ्या हाताला वाक्यातून वगळणे होय. एप्रिल २०२५ मध्ये पहिल्या रघूजींची म्हणून ओळखली जाणारी तलवार लंडनच्या लिलावात आली आणि महाराष्ट्र शासनाने ती मिळवली. राजसत्तेची खूण परत येण्याचा मार्गही लिलावाचाच ठरला. वाड्याच्या साहित्यिक प्रतिमेचा विचार करताना ऱ्हासाइतकेच हस्तांतरणाचेही वाचन करावे लागेल, ते यामुळेच.