स्मृतिपुनर्वसन, मेंदूच्या इजेनंतरचे

डोक्यास जबर मार लागून मेंदूला इजा झाल्यावर दुर्बल झालेल्या स्मृतीसह दैनंदिन व्यवहार करता यावेत, यासाठी दिले जाणारे प्रशिक्षण. अशा इजेत मेंदूच्या कपाळामागील व कानशिलांजवळील भागांना विशेष धोका असतो. त्यामुळे जुन्या आठवणी बऱ्याच अंशी टिकल्या, तरी नवी माहिती लक्षात ठेवणे व ठरविलेले काम वेळेवर आठवणे अवघड जाते.

या उपचारांचा विकास प्रामुख्याने युद्धांमुळे झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात (१९१४–१८) कुर्ट गोल्डश्टाइन (१८७८–१९६५) यांनी फ्रँकफुर्ट येथे जखमी सैनिकांसाठी संस्था उभारली. दुसऱ्या महायुद्धात अलेक्सांद्र लूर्या (१९०२–७७) यांनी उरल भागातील रुग्णालयात, गमावलेले कार्य शाबूत क्षमतांच्या आधारे नव्याने बांधण्याचा मार्ग अवलंबिला. ऑलिव्हर झँगविल (१९१३–८७) यांनी १९४७ मध्ये उणिवेची भरपाई, पर्यायी क्षमतेचा वापर व प्रत्यक्ष सराव असे तीन मार्ग वेगळे केले.

पाठांतराने स्मृती पूर्ववत होते, हा समज मात्र टिकला नाही. शब्दांच्या याद्या घोकल्याने त्या याद्यांपुरती प्रगती दिसते. औषधाची वेळ आठवण्यास तिचा फारसा उपयोग होत नाही. ॲलन बॅडली व बार्बरा विल्सन यांनी १९९४ मध्ये, तीव्र स्मृतिलोपात चुका होऊ न देता शिकविणे अधिक फलदायी असते, हे दाखविले. कारण चूक केल्याचे स्मरण नसल्याने रुग्णाच्या चूकच अंगवळणी पडते. विल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, १४३ व्यक्तींवरील चाचणीत कामांची आठवण देणारा पेजर वापरण्यात आला. चाचणी पूर्ण करणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिकांना त्याचा लाभ झाला. टिपणवही, दिनदर्शिका व भ्रमणध्वनीवरील गजर ही याच तत्त्वावरील साधने होत.

महाराष्ट्रात या कार्यास उपयोगी पडणाऱ्या व्यवसायोपचाराचा पाया मूळच्या अमेरिकन कमला निंबकर यांनी घातला. त्यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विषयाचे विद्यालय सुरू केले. नासिक येथे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांत व्यवसायोपचाराच्या पदवीचा समावेश आहे.

जखम भरून आली, तरी स्मृतीची हानी बाहेरून दिसत नाही. त्यामुळे घरी ती आळस वा निष्काळजीपणा समजली जाते. म्हणून रुग्णाबरोबरच कुटुंबीयांनाही शिक्षण देणे, हा या उपचारांचा आवश्यक भाग ठरतो.