शेवाळगोळ्याचे गोत्र

मुंबई-पुण्याच्या सधन गृहस्थांनी कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत जी शेतघरे बांधली, त्यांच्या पडवीत कुंडीचा आधार सोडून नुसत्या सुतळीने टांगलेला, शेवाळाने मढवलेला आणि माथ्यावर फिलोडेंड्रॉन किंवा अँथुरियम मिरवणारा मातीचा गोळा आता अपूर्वाईचा राहिलेला नाही. ‘कोकेदामा’ या नावामुळे तो जपानचा शतकानुशतकांचा वारसा असावा, अशी सर्वसाधारण समजूत आहे; परंतु वंशावळीचे दप्तर उघडून पाहिले असता त्या समजुतीचा निम्माच भाग टिकतो.

बोन्सायची विद्या जपानात एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या अवधीत, बहरास आली. उथळ पात्रात वर्षानुवर्षे वाढलेल्या झाडाच्या मुळांचे जाळे इतके घट्ट विणले जाते की पात्र काढून घेतले तरी मातीचा आकार मोडत नाही. असे पात्रमुक्त झाड तबकावर मांडण्याच्या रिवाजास तेथे ‘नेआराइ’ म्हणतात, आणि आपल्या गोळ्याचा खरा पूर्वज तोच. दलदलीतील लव्हाळी कुजून झालेली काळी, चिकट ‘केतो’ माती आणि ज्वालामुखीजन्य ‘आकादामा’ मातीचे खडे एकत्र मळून, तो गोळा मुळांभोवती बांधून, त्यावर जिवंत शेवाळ लपेटण्याची आजची रीत मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस लोकप्रिय झाली. तबकावरचा गोळा दोरीने हवेत टांगण्याची हौस ॲम्स्टरडॅमच्या फेडोर व्हान देर वाल्क यांच्या टांगत्या बागांमुळे युरोपात गाजली.

असे असले तरी कोकणच्या माळ्याला हा गोळा परका वाटण्याचे कारण नाही. कारण ओल्या गोळ्यात मुळे धरवण्याचे कसब गुटी कलमाच्या रूपाने त्याच्या हाती आधीपासूनच आहे. पावसाळा लागला की पेरूची किंवा डाळिंबाची पेन्सिलीएवढी जाड, निरोगी फांदी निवडून तिच्यावरची सुमारे अडीच सेंटीमीटर रुंदीची साल तो सभोवार सोलून काढतो, उघड्या जागेवर भिजवून पिळलेले स्फॅग्नम मॉस मुठीने दाबून बसवतो आणि त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळून दोन्ही टोके सुतळीने आवळतो. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या वाटेने खाली उतरू न शकल्यामुळे छेदाच्या वरच्या कडेशी साचते, आणि ओलीच्या संगतीने तेथेच मुळे फुटतात. दीड-दोन महिन्यांनी ती पांढरी मुळे प्लॅस्टिकमधून दिसू लागली की गोळ्याच्या खालून फांदी कापावयाची. त्या घटकेला माळ्याच्या हातात शेवाळगोळ्यातले रोपच असते! प्लॅस्टिकचा अंमल सुरू होण्यापूर्वी हेच काम चिकण मातीच्या गोळ्याने होई. १८६०नंतरच्या दशकात बंगालच्या बागांसाठी लिहिलेल्या फर्मिंजर यांच्या उद्यानविद्येच्या ग्रंथात अशा गोळ्यावर सच्छिद्र मडके टांगून, त्यातून ओघळणाऱ्या दोरीने तो अहोरात्र ओला ठेवण्याची युक्ती दिली आहे.

या दोहोंहून प्राचीन गोत्र सह्याद्रीच्या झाडांवर आहे. कर्जत तालुक्यातच मोडणाऱ्या माथेरानच्या उतारांवर बाशिंग नावाचा नेचा दिसला, तर तो निरखून पाहावा. त्याची लांब, कातरलेली हिरवी पाने पावसाळ्यात उजेड झेलतात. आखूड, रुंद आणि लवकरच तपकिरी पडणारी दुसरी पाने मात्र खोडाला बिलगून राहतात, आणि त्यांच्या खोबणीत पालापाचोळा साचून त्या नेच्याची स्वतःची माती तयार होते. अमेरिकेच्या उष्ण अरण्यांतील कित्येक फिलोडेंड्रॉन व अँथुरियम असेच वृक्षांवर वाढतात. हवा खेळती ठेवणारी ओल ही त्यांच्या मुळांची जन्मजात गरज असल्यामुळे त्यांना गोळा मानवतो.

या मुलखाचे हवामान मात्र गोळ्याची कठोर परीक्षा घेते. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, आणि एप्रिल-मेमध्ये चाळीस अंशांना भिडणारा उन्हाळा! शेवाळ वाळून तपकिरी पडले तरी मरत नाही व पाणी मिळताच पुन्हा हिरवे होते, पण आतल्या रोपाला ही सिद्धी नाही. म्हणून शेवाळाच्या रंगाचा दाखला मानू नये, गोळा तळहातावर तोलून पाहावा. हलका लागला तर पाण्याच्या बादलीत बुडबुडे थांबेपर्यंत बुडवावा, पूर्ण निथळू द्यावा आणि मगच टांगावा. पावसाळ्यात हा उपचार जवळजवळ बंद ठेवून त्याला वळचणीच्या धारेपासून दूर न्यावे, नाहीतर मुळे कुजतात.

शेवाळासाठी माथेरानची खोडे खरवडणे मला सर्वथा अनुचित वाटते. २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झालेल्या त्या वनातील शेवाळ हा कित्येक लहान आमरींचा बिछाना आहे. स्फॅग्नमही थंड प्रदेशांच्या दलदलींतून येते. त्याऐवजी भाताच्या खाचरातील चिकण मातीत तिच्या दुप्पट काथ्याचा चुरा आणि थोडे मुरलेले शेणखत मळावे, वर काथ्या गुंडाळावा आणि सुती दोरा लवकर कुजत असल्यामुळे नायलॉनचा दोरा वापरावा. असा गोळा जूनमध्ये सावलीत ठेवला, तर हवेतून येणाऱ्या बीजाणूंमुळे काथ्यावर स्थानिक शेवाळ आपोआप धरू लागते.