फॅटी लिव्हर: कुटकी, भुईआवळा, गुळवेल खरंच उपयोगी आहेत का?

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'ग्रेड १ फॅटी लिव्हर' लिहून आलं की घरात पहिला प्रश्न निघतो, एखाद्या काढ्याने हे जाईल का?

यकृतात ५ टक्क्यांहून जास्त चरबी साठली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. हे नाव जुन्या ग्रंथांत सापडत नाही. वैद्य सहसा काविळीसाठी सांगितलेल्या कडू वनस्पतींकडे वळतात.

त्यात पहिली कुटकी. हिमालयात उंचावर वाढणाऱ्या या झाडाचं मूळ औषधात वापरतात. आरोग्यवर्धिनी वटीत जवळपास निम्मा भाग कुटकीचा असतो. उरलेल्यात त्रिफळा, गुग्गुळ आहेत, तसंच पारा-गंधकाची कज्जली आणि ताम्रभस्मही. त्यामुळे दुकानातून स्वतःच आणून महिनोन्महिने घ्यावी अशी ही गोळी नाही.

पावसाळ्यात अंगणात उगवणाऱ्या भुईआवळ्याची गोष्ट वेगळी. १९८८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मद्रासच्या संशोधकांचा अभ्यास आला. हिपॅटायटीस बी विषाणू बाळगणाऱ्या ३७ जणांना भुईआवळा दिल्यावर २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली होती. पुढच्या चाचण्यांत मात्र तसा परिणाम दिसला नाही. शिवाय तो अभ्यास विषाणूचा होता, चरबीचा नव्हे.

आणि गुळवेल? कोरोनाकाळात ती घरोघरी उकळली गेली. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला: तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असेल. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांमधून अशाच ४३ रुग्णांचा अभ्यास आला. त्यांतल्या अनेकांना मधुमेह किंवा थायरॉइडचा त्रास आधीपासून होता. फॅटी लिव्हर असलेल्या बऱ्याच जणांना मधुमेह असतोच, म्हणून ही बाब त्यांच्या कामाची.

सर्वांत भक्कम पुरावा आजही वजन कमी करण्याचा आहे. जाड व्यक्तीचं वजन ७ ते १० टक्क्यांनी उतरलं, तर चरबीबरोबर यकृताची सूजही कमी होऊ शकते. म्हणजे ८० किलोंच्या माणसासाठी साधारण ६ ते ८ किलो.

वैद्यांच्या देखरेखीखाली औषध सुरू असेल, तर ते आपल्या डॉक्टरांनाही सांगावं, आणि डॉक्टरांची औषधं वैद्यांना. काढा सुरू असताना लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली किंवा सतत मळमळू लागलं, तर तो लगेच थांबवून लिव्हर फंक्शन टेस्ट करून घ्यावी.