हाफ प्लेटचा हिशेब

फुल, हाफ आणि क्वार्टर हे तीन शब्द एका दमात उच्चारले, तर आमच्या वऱ्हाडात समोरचा माणूस आधी घड्याळात बघतो आणि मग हळूच विचारतो, "कोठी बसाचं?" त्यात त्याचा दोष नाही. पण या शब्दांना एक सोज्ज्वळ, कुटुंबवत्सल इतिहासही आहे, आणि त्याचा बाटलीशी काही संबंध नाही. संबंध आहे तो काचेशीच, पण फोटोच्या काचेशी.

१८३९ साली पॅरिसमध्ये डॅगेर साहेबांनी आपली फोटोची युक्ती जाहीर केली. त्यांच्या कॅमेऱ्यात चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा बसायचा, ८½ × ६½ इंचांचा. हा आकार म्हणजे फुल प्लेट. पुढे १८५१ मध्ये इंग्लंडच्या आर्चरने काचेवर फोटो घेण्याची रीत काढली. पत्रा गेला, काच आली, पण मापे तीच राहिली. सून नवी आली तरी स्वयंपाकघरातले डबे सासूचेच असतात, तसे.

आता गंमत बघा. मी पडलो कॉमर्सचा माणूस आणि बँकेतला कारकून. कुठे आकडे दिसले की बेरीज केल्याशिवाय मला घास गिळत नाही. फुल प्लेट ५५.२५ चौरस इंच. क्वार्टर प्लेट ४¼ × ३¼, म्हणजे फुलच्या बरोबर चौथा हिस्सा. पैसाही इकडचा तिकडे नाही. मी खूश! मग हाफ प्लेट काढली. इंग्रजांची हाफ प्लेट ६½ × ४¾ इंचांची. म्हणजे निम्म्यापेक्षा चक्क सव्वातीन चौरस इंच जास्त! अमेरिकेतल्या डॅगेरोटाइपवाल्यांची हाफ ५½ × ४¼, म्हणजे निम्म्यापेक्षा सव्वाचार चौरस इंच कमी. एक जास्त देतो, दुसरा कमी देतो आणि दोघेही त्याला 'अर्धे' म्हणतात. भावाभावांच्या वाटणीत असले अर्धे मी पाहिले होते, विज्ञानात प्रथमच पाहिले.

तुम्ही म्हणाल, अहो, इंचभर इकडे तिकडे झाले तर बिघडले काय? फार बिघडते. आज आपण बोटाच्या पेराएवढा फोटो भिंतीएवढा करतो. तेव्हा साधारणपणे काचेखाली कागद दाबून तो उन्हात धरायचा आणि फोटो छापायचा. त्यामुळे जेवढी काच तेवढा फोटो. मोठा फोटो हवा तर मोठी काच, मोठी काच हवी तर मोठा कॅमेरा, आणि मोठा कॅमेरा आला की मोठे बिल. दोन मिलिमीटर जाडीची एक फुल प्लेट धरा, पावणेदोनशे ग्रॅम भरते. डझनाचे वजन दोन किलोंच्या वर. फोटोग्राफरला कलेपेक्षा हमालाची जास्त गरज.

आपला महाराष्ट्र या खटाटोपात मागे नव्हता. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालची. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद. नारायण दाजी स्वतः उत्तम फोटो काढीत. इकडे आपल्या बाजूला होता मेजर रॉबर्ट गिल, ज्याच्या पारोची गोष्ट आपण सगळे ऐकून आहोत. १८४४ पासून तो अजिंठ्याच्या चित्रांच्या मोठमोठ्या नकला रंगवीत होता. १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्यातल्या बहुतेक जळाल्या. पण त्याने कॅमेराही हाती धरला होता. अजिंठा, वेरूळ आणि आपल्या लोणारची देवळेसुद्धा त्याने टिपली. त्याच्या दुहेरी फोटोंचे पुस्तक १८६४ साली लंडनला निघाले. यातले एकेक चित्र जेमतेम तळहाताएवढे. भिंतीएवढ्या नकला गेल्या, तळहाताएवढे फोटो राहिले.

त्या काळची काच ओली असायची. मसाला लावायचा, ओली आहे तोवर फोटो घ्यायचा आणि लगेच तंबूत जाऊन धुवायची. वऱ्हाडातल्या उन्हात जिथे धुतलेले धोतर पिळेपर्यंत वाळते, तिथे हे काम करणाऱ्याला मी साष्टांग नमस्कार घालतो. १८७१ मध्ये मॅडॉक्स नावाच्या डॉक्टरने जिलेटिनच्या कोरड्या काचेची वाट दाखवली. मग तयार काचांचे खोके दुकानात मिळू लागले. पण जिलेटिन पडले उष्णतेला भित्रे. वैशाखात धुताना ते काचेवरून सुटू लागे, म्हणून त्याला तुरटीचे पाणी पाजावे लागे. दाढीनंतर आपण गालाला लावतो, तीच तुरटी.

अशी काच गावोगावच्या स्टुडिओत आली आणि घराघरांतली प्रतिष्ठा इंचांत मोजली जाऊ लागली. आमच्या अकोल्याच्या घरात पणजोबा आहेत फुल प्लेटमध्ये. पगडी, काठी, शेजारी तिपाईवर एक पुस्तक, जे त्यांनी कधी उघडले असेल असे चेहऱ्यावरून वाटत नाही. पणजी मात्र आहे हाफ प्लेटमध्ये, आणि तीही सतरा माणसांत. कडेवर पोर, चेहरा तुरीच्या दाण्याएवढा. तिचा दुसरा फोटो नाही. आमची मोठी आत्या सांगायची, "बायकायचा येगळा फोटो कायले काढतीन बाप्पा? काच महाग होती ना!"

हे वाक्य मला त्या हाफ प्लेटच्या हिशेबापेक्षा जास्त टोचते. पन्नास माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या वाट्याला एकतीस चौरस इंचांचा सतरावा हिस्सा आला. म्हणजे पावणेदोन चौरस इंच. त्यातही पोराचा वाटा.

पण काचेचा एक मोठेपणा आहे. छापलेला फोटो काचेएवढाच असल्यामुळे त्यात ताणून मोठे केलेले काही नसते. सगळा तपशील दाटीवाटीने तसाच बसलेला असतो. पोस्टाची तिकिटे बघायचे भिंग घेऊन मी एकदा पणजीपाशी गेलो, तर तो तुरीचा दाणा उघडला. नाकातली नथ, कपाळावरची आडवी चिरी, आणि पोराने पदर ओढला म्हणून ओठांच्या कोपऱ्यात दाबलेले हसू. पणजोबांच्या सगळ्या फुल प्लेटवर भिंग फिरवले, हसू सापडले नाही.

म्हणून एक विनंती. अमरावती-अकोल्याच्या जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर अजूनही कुठे काळपट काचांचे खोके निघतात. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकेक काच कडांना धरून उजेडासमोर धरा. फडक्याने पुसू नका, मंद बाजूवरच माणसे असतात. मग कागदात गुंडाळून उभ्या ठेवा. काळे तोंड आणि पांढरे केस दिसले तर घाबरू नका, ते उलटे चित्र आहे. नीट बघा, कोपऱ्यात कोणाची तरी पणजी असेल. हाफ प्लेटचे ते सव्वातीन चौरस इंच मी अशाच बायकांच्या नावे जमा केले आहेत. माझ्यापुरता हिशेब जुळला.