आकुर्डीची स्कूटर व चाकणची मोटारसायकल

आपल्या धर्मग्रामाचा इतिहास लिहावयाचा म्हणजे मंदिराच्या घंटेबरोबर कारखान्याच्या भोंग्याचाही उल्लेख करणे प्राप्त होते. येथील कित्येक कुटुंबांचे वाडवडील अहमदनगर जिल्ह्यातील कोरडवाहू गावे सोडून पिंपरी-चिंचवडास आले, ते पोटासाठी. म्हणून या महोत्सवप्रसंगी आकुर्डीच्या बजाज ऑटोच्या पडत्या काळाची व त्यातून सावरण्याची हकीकत येथे देण्याचे आम्ही योजिले आहे.

स्कूटर ही वस्तूच मुळी आपत्तीतून जन्मलेली. इटलीतील पोंतेदेरा येथील पियाज्यो यांचा विमानांचा कारखाना महायुद्धात उद्ध्वस्त झाला. तेव्हा विमानांच्याच एका अभियंत्याकडून त्यांनी स्वस्त दुचाकी तयार करविली. ती १९४६ ची व्हेस्पा होय. तिच्याच परवान्यावर बजाजांची स्कूटर निघू लागली आणि पुढे १९७२ साली 'चेतक' आली. चेतकसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबत. गिऱ्हाईक आपल्या दारी तिष्ठत उभे आहे, ही स्थिती कारखानदारास सुखाची खरी. परंतु सावधपणाची नव्हे.

१९९१ नंतर वारे फिरले. थोड्या पेट्रोलात दूर जाणारी फोर-स्ट्रोक मोटारसायकल लोकांस आवडू लागली व स्कूटरचा खप ओसरला. त्यातच २००० च्या सुमारास बाजारात मंदी आली. २००१ मध्ये हिरो होंडाने पहिले स्थान हिरावून घेतले. कारखाना बुडाला होता असे मात्र कोणी समजू नये. गंगाजळी भक्कम होती. आटला होता तो मालाचा खप.

उपाय झाला तो चाकणला. तेथे १९९९ साली नवा कारखाना निघाला होता. तोवर मोटारसायकलीच्या कामी जपानच्या कावासाकीचे साह्य घेतले जाई. परंतु नोव्हेंबर २००१ मध्ये बाजारात आलेली 'पल्सर' मुख्यत्वेकरून घरच्या अभियंत्यांची कृती होती. २००३ मध्ये तिच्या इंजिनास दोन स्पार्क प्लग बसविण्यात आले. तरुणांनी ती डोक्यावर घेतली. धाकटे बजाज, राजीव, यांचा आग्रह येथे फळास आला हे निःसंशय.

परंतु या यशाची दुसरी बाजू झाकून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. जुन्या कामगारांपुढे स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या. उत्तराखंडातील पंतनगरास करसवलती मिळाल्याने तिकडे कारखाना निघाला, आणि २००७ साली आकुर्डीचे उत्पादन बंद पडले. ज्या हातांनी चेतक घडविली त्यांच्यापैकी किती हात पल्सरवर फिरले? २००९ मध्ये स्कूटर अजिबात सोडण्याचा निर्णय झाला, तेव्हा खुद्द राहुल बजाज यांनी आपणांस वाईट वाटल्याचे उघड बोलून दाखविले. मालकास हळहळ वाटली. कामगाराचा तर संसारच त्या यंत्रावर होता.

पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली, जगभर मंदीचा वणवा पेटला असता, आपल्या परिपत्रात असे सुचविले की मजुरीच्या कराराला शक्य तेथे भागीदारीची जोड द्यावी; कामगारास मालकीत, व्यवस्थापनात किंवा नफ्यात काही वाटा मिळावा. ही शिकवण सेमिनरीत पाठ करावयाची, पुढे विसरावयाची, असा प्रघात पडला आहे. तथापि २०१३ च्या जूनअखेर चाकणला संप झाला, तेव्हा कामगारांच्या मागण्यांत प्रत्येकास कंपनीचे ५०० शेअर एकेक रुपयास द्यावेत ही एक होती. पुष्कळांनी तिची थट्टा केली. संप सुमारे ५० दिवस चालून ऑगस्टमध्ये मागे घेण्यात आला. शेअर काही मिळाले नाहीत. एक रुपया ही किंमत अवास्तव होती, हे आम्ही मान्य करतो. परंतु वाटा मागणे अवास्तव होते काय? परिपत्र वाचलेल्या मनुष्यास तसे म्हणता येणार नाही.

असो. २०२० च्या जानेवारीत चेतक हे नाव पुन्हा बाजारात आले, विजेवर चालणाऱ्या स्कूटरवर. फेब्रुवारी २०२२ मध्ये राहुल बजाज निवर्तले, आणि त्याच वर्षी जून महिन्यात आकुर्डीच्या जुन्या जागेवर या विजेच्या स्कूटरचा कारखाना सुरू झाला.